सोनबाचा वीरगळ

२००२ सालचा मार्च. हडपसरच्या पुढे उसाची शेतं सपाट करून आयटी पार्कसाठी मोजणी चालली होती. उन्हातान्हात मोजणी करायची दीक्षाने, अहवालावर नाव मात्र ऑफिसातल्या सहकारी योगेशचं. "क्लायंटसमोर पुरुष असलेला बरा," असं रंगनाथसाहेबांनी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात तिडीक होती.

जागेच्या मधोमध एक वीरगळ होता. कंबरभर उंचीचा काळा दगड, त्यावर तलवार उगारलेला, जाड मिशीचा योद्धा. गाव त्याला सोनबा म्हणे. दीक्षा टेप लावत असताना शेजारच्या शेतातली सुंदराबाई बांधावर येऊन बसली.

"सोनबा कसला? सोनी व्हती ती. भाऊ तापानं पडला, म्हनून त्याचा अंगरखा चढवून लढाईला गेली. मेल्यावर आंघोळ घालताना कळलं. गावाला लाज वाटली. मग दगडाला मिशी कोरली."

"लाज कशाची?" दीक्षाचा आवाज चढला.

"ते गावाला इचार."

दीक्षाने अहवालात लिहिलं, 'स्त्री योद्धा'. रंगनाथांनी मिशीवरून बोट फिरवत लाल पेनने काट मारली. "दंतकथा नकोत. मिशी दिसत नाही का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती ऑफिसचा डिजिटल कॅमेरा घेऊन धुसफुसतच फोटो काढायला गेली. दगड उन्हात असूनही हाताला गार लागला. पहिला फोटो ठीक आला. दुसऱ्यात मिशी फिकट. तिसऱ्यात नव्हतीच. तिने कॅमेरा खाली घेतला.

दगडावरही नव्हती. तिथे बोट फिरवलं, तर कधी छिन्नी लागलीच नसावी इतकं गुळगुळीत.

फोटो पाहताच रंगनाथ पाथरवटाला घेऊन तरातरा आले. "तुम्ही घासलीत!"

"घासली असती तर खाली माझं नाव लिहिलं असतं. दुसऱ्याचं नाही."

"नागोराव, कोरा परत."

म्हाताऱ्या नागोरावने दगडाकडे पाहिलं आणि छिन्नी खाली ठेवली. "बाईमानसाला मिशी? माझ्यानं न्हाई व्हायचं."

रंगनाथांनी स्वतःच छिन्नी उचलली. एकच घाव घातला.

दगडावर ओरखडाही उठला नाही. रंगनाथांनी मात्र तोंड दाबून धरलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

सोमवारी ते ऑफिसात आले ते तोंडावर रुमाल धरून. अहवाल त्यांनी दीक्षापुढे सरकवला.

तिने योगेशचं नाव इतक्या रागाने खोडलं की कागद फाटला. शेजारी स्वतःची सही केली. "आता बोला, साहेब. नीट, तोंड उघडून."

रुमाल खाली आला. वीस वर्षं राखलेली मिशी गेली होती. केसांची मुळंसुद्धा उरली नव्हती.

"ठीक आहे," ते म्हणाले.

वरचा ओठ त्या दगडासारखा काळा पडला होता. आणि बोलताना तो हलत नव्हता.