चौसष्ट किलो झाल्यावर

"आंबेमोहोर की इंद्रायणी?"

आवाज मागून आला आणि मी काट्यावरून जवळजवळ पडलेच.

रविवारी सकाळी सातला भुकूमच्या भातगिरणीत कुणी नसेल, असा माझा अंदाज होता. दार मात्र उघडं होतं. माझ्या भाड्याच्या खोलीतली फरशी उंचसखल. तिथला छोटा काटा एका मिनिटात तीन आकडे दाखवायचा. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., लवळ्याच्या प्रयोगशाळेत कामाला. चुकीचं मोजमाप मला सहन होत नाही. गिरणीचा पोती तोलायचा काटा शिक्का मारलेला, खात्रीचा. त्यावर लाल अक्षरांत, गिरणीभर दिसेल एवढं मोठं – ७१.४०.

दारात गिरणीवाल्यांचा शेखर उभा होता. हातात पान्हा, भुवयांवर कोंड्याची धूळ.

"मी... फक्त बघत होते."

"बघा की. पर निव्वळ माल तोलायचा आसंल तर चपला काढा."

मी चपला काढल्या. ७१.१०. तोवर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"म्या आकडा बघितला न्हाई," तो म्हणाला.

इतकं उघड खोटं इतक्या सभ्यपणे माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही.

दिवाळीनंतर माझ्या रक्ताचा अहवाल आला होता. थायरॉइड मंदावलेलं; रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. शरीराने आपली चूल बारीक करून ठेवली होती. मी खाणं निम्मं केलं, तर ते आणखी जपून जाळत होतं. रोज लवळ्याची टेकडी चढत होते, तरी काटा हलत नव्हता. मला चौसष्ट व्हायचं होतं. बी.एस्सी.च्या निरोप समारंभाच्या फोटोत मी चौसष्ट होते, आणि त्या फोटोतली तृप्ती काहीही बोलायला घाबरत नव्हती.

जानेवारी येईतो माझं ठरलं होतं – चौसष्ट झालं की शेखरला सांगायचं. त्याआधी नाही.

मग एका रविवारी काट्याने ७२.३० दाखवलं. आठवडाभर मी गोडाला शिवले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी उगाच भाताच्या ढिगात हात घातला. शेखरने त्यातला एक दाणा उचलला, दाताखाली धरला.

"ओला हाय. ओलं भात तोलात जास्तच भरतं."

"माणसांचंही होतं तसं," मी जमिनीकडे बघत म्हणाले. "महिन्यातले काही दिवस... संप्रेरकं शरीरात पाणी धरून ठेवतात."

"मंग ते वजन न्हाई, ओलावा हाय." त्याने खुर्ची उचलून अंगणातल्या उन्हात ठेवली. "आमी ओलं भात परत पाठवत न्हाई. उनाला ठिवतो. बसा."

मी बसले. खुर्चीची पाठ धरलेली त्याची बोटं माझ्या खांद्यापासून चार अंगुळं दूर होती. मी न बघताही मला ते अंतर नेमकं कळत होतं.

फेब्रुवारी सरत आला तरी माझा स्वेटर सुटेना. थायरॉइडचं एव्हाना शेखरला सांगून झालं होतं.

"गोळी घेता न्हवं येळेवर?" त्याने विचारलं.

"रोज. सहाला. रिकाम्या पोटी."

"आन चहा?"

"लगेच. धोंडाबाई कप घेऊनच दारात उभ्या असतात." धोंडाबाई माझ्या घरमालकीण, त्यांच्या चहाला नाही म्हणायची सोय नव्हती.

शेखरने पोतं खाली ठेवलं. "आवो मॅडम, चहा पिल्यावर पोट रिकामं ऱ्हातं व्हय?"

"चहा म्हणजे काय खाणं आहे?"

"आमची आई हीच गोळी घेती. तासभर चहाकडं बघत न्हाई. घड्याळाला शिव्या घालीत बसती."

 दुधातलं कॅल्शियम औषधाला आतड्यातच धरून ठेवतं – परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळवले असते. पण आमच्या घरी चहाला खाणं कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

"इतकं शिकून..." तो म्हणाला, आणि हसला. मीही हसले. त्या दिवशी आकडा बघायचा राहूनच गेला.

धोंडाबाईंना मी चहा सातला मागितला, रविवारी गिरणीवरून आल्यावर. "आता पोरीला चहा बी जड झाला," त्या पुटपुटल्या, पण सातच्या ठोक्याला आल्या. हळूहळू हातपाय गार पडायचे थांबले. स्वेटर पेटीत गेला. आकडाही उतरू लागला, पण सावकाश. गोळी चरबी वितळवत नाही. बारीक झालेली चूल फक्त पहिल्यासारखी करते. माझ्या गणिताने चौसष्टला अजून वर्ष लागणार होतं.

आणि एप्रिलच्या शेवटी नागपूरहून पत्र आलं. वर्षभराची नोकरी, आठ दिवसांत हजर व्हायचं.

शेवटच्या रविवारी काट्यावर ६९.२०.

"किती व्हायचं व्हतं तुमाला?" शेखरने विचारलं.

"चौसष्ट."

"मंग काय व्हनार व्हतं?"

"मग... एकाला एक सांगायचं होतं."

"त्यानं घातलीया ही अट?"

"नाही. मीच."

तो काट्यापाशी आला आणि त्याने एक बटण दाबलं. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायला ते दाबतात. आकडे विझले, पुन्हा उजळले – ०.००.

"आता एकोणसत्तर न्हाई आन चौसष्ट बी न्हाई," तो म्हणाला. "बोला."

"मी... रविवारची वाट बघायचे, ती आकड्यासाठी नाही."

कोंड्याच्या धुळीखाली त्याचे कान लाल झाले. "ठाव हाय. रविवारी गिरणीला सुट्टी आसती, तृप्ती. पैल्यांदा पट्टा बदलाया आलतो. तवापास्नं दर रविवारी सातला दार उघडून बसतुया."

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. त्याने हात पुढे केला. मी तो धरून काट्यावरून उतरले... आणि आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं.

–६९.२०.

कितीतरी वेळ कुणीच ते शून्य केलं नाही.

नागपुरातला पहिला रविवार. सकाळचे सात. रविवार म्हणून गोळी साडेसहाला घेतली होती, चहाला अजून अर्धा तास होता. फोन वाजला. शेखरने फोटो पाठवला होता – लाल अक्षरांत तोच आकडा, उणेचं चिन्हही तेच. खाली लिहिलं होतं, "तेवढाच तांदूळ तोलून चढवला, शून्य केलं, परत उतरवला. पाठ मोडली."

मी लिहिलं, "इथल्या काट्यावर ६८.७० आले. पुढच्या वेळी अर्धा किलो कमी चढवा."

बराच वेळ तो काहीतरी लिहीत होता, पुसत होता. मग उत्तर आलं.

"तू किती बी कमी हो. हितं तुझ्याबिगर कमी तेवढंच पडतं."