उलटा बाण

मनःसेतू प्रशिक्षण केंद्राच्या निरीक्षण कक्षात तिघं जण एकाच पडद्याकडे बघत होते आणि तिघांचे चेहरे तीन तऱ्हेचे झाले होते.

"एक्क्याऐंशी!" इरफान मुजावर म्हणाला. दोन माणसांचा ताल मोजणारा हा अनुनादमापक त्यानेच बनवला होता. आकडा चांगला आला की त्याला स्वतःचीच पोर वर्गात पहिली आल्यासारखं वाटे.

"आकडा राहू द्या, बाण बघा," डॉ. हर्डीकर म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या आणि कुणाचा आनंद पाच सेकंदांपेक्षा जास्त टिकू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

मृण्मयी चौगुलेने बाण बघितला. तिला काहीच कळलं नाही. समुपदेशकाच्या परवान्यासाठी ही तिची तिसरी आणि शेवटची खेप. आजवर तिचा आकडा पंचविसाच्या वर गेला नव्हता, त्यामुळे बाणापर्यंत गोष्ट कधी आलीच नव्हती.

"सर, मला एकदा नीट सांगाल का?"

"सोपं आहे," इरफान म्हणाला. "दोन माणसं मनापासून बोलू लागली की त्यांचा श्वास, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या एका तालात येतात. ताल किती जुळला ते आकडा सांगतो. पण दोघांपैकी एकाचं शरीर आधी शांत होतं आणि दुसऱ्याचं सेकंदभराने त्याच्यामागून जातं. जो सावरतो त्याच्याकडून, जो सावरला जातो त्याच्याकडे बाण जातो. इथे नाटक चालत नाही. पुस्तकातल्यासारखी मान डोलवलीस, तर तोंड एक सांगतं आणि नाडी भलतंच. आकडा लगेच पडतो."

"आणि आज बाण तुझ्याकडे आहे," हर्डीकर म्हणाल्या. "म्हणजे पाऊण तास खोतांनी तुझं समुपदेशन केलं."

श्रीपती खोत एकाहत्तर वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात लोकांना गाडी चालवायला शिकवली. मग गाड्या आपल्या आपण चालू लागल्या. शिकायला कुणी येईना, वर्ग बंद पडला, आणि गेल्या दोन वर्षांत खोतांनी बोलणंही जवळजवळ बंद केलं. मुलगी त्यांना इथे घेऊन आली.

पहिल्या बैठकीत मृण्मयीने पाठ केलेली सगळी वाक्यं वापरली. खोत छताकडे बघत बसले. आज दुसऱ्या बैठकीत तिची वाक्यंच संपली. "काका, मला काहीच सुचत नाहीये," ती रडवेली होऊन म्हणाली. तेव्हा खोतांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक तिथेच असायचा.

"घाबरू नगा ताई," ते बोलले. "सुरवातीला गाडी सगळ्यांचीच बंद पडती. पुन्हा चालू करायची."

आणि मग ते बोलतच राहिले होते.

"उलट्या बाणाने का होईना, माणूस बरा होतोय," इरफान म्हणाला.

"नियमात बाण सुलटा लागतो," हर्डीकर म्हणाल्या. "उद्या शेवटची बैठक. मापक बंद होताना आकडा किमान साठ हवा, आणि बाण सुलटा."

मृण्मयीच्या डोक्याचा पार भुगा झाला. खोतांना सावरायला गेलं तर ते पुन्हा गप्प होणार. आपण गोंधळलेलं राहिलं तर ते बरे होणार, पण परवाना कायमचा गेला. विचार करकरून सकाळी तिने ठरवलं, जाऊ दे परवाना. तिला फार वाईट वाटलं, पण ठरवल्यावर थोडं हलकंही वाटलं.

"काका," बैठक सुरू होताच ती म्हणाली, "आजही मला काही सुचत नाहीये."

खोतांच्या खुर्चीमागे भिंतीवर पडदा होता. आकडा चौदा.

खोतांनी तिच्याकडे बारीक नजरेने बघितलं. "न्हाई ताई. आज तुमी घरनं ठरवून आलाय. पाय कुटं ठेवायचा ते ठाऊक असलेला माणूस मला लगेच कळतोय."

आता मात्र ती खरोखरच गोंधळली. गोंधळल्याचं सोंग करणारी आणि सोंग पकडलं गेल्यामुळे गोंधळलेली, यांतली नक्की कोण बोलतेय हेही तिला उमगेना. तिने सगळं सांगून टाकलं. बाण, साठ, शेवटची खेप, सगळं. आकडा चढत अठ्ठ्याऐंशीवर गेला. बाण तिच्याकडेच होता.

खोतांचा श्वास चुकला.

"म्हंजे माज्यामुळं तुमी नापास?" त्यांचा पाय जमिनीवर पुन्हा पुन्हा आपटू लागला. "चाळीस वर्सांत माजं येक पोरगं नापास झालं न्हाई. आन् मीच..."

मृण्मयी उठली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. त्या क्षणी तिला परवाना आठवत नव्हता, पुस्तक आठवत नव्हतं. म्हातारा माणूस थरथरत होता, एवढंच तिला दिसत होतं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, पाय सैल सोडा. गाडी थांबलीय. मी इथेच आहे."

आपटणारा पाय हळूहळू थांबला. तिने वर बघितलं. चौऱ्याहत्तर. बाण सुलटा.

तिचा विश्वासच बसेना. खोत खरे घाबरले नसते, तर बाण फिरलाच नसता. आणि ते घाबरले होते ते तिच्यासाठी. मग आता कुणी कुणाला सावरलं?

"काय झालं? जमलं का?" खोतांनी विचारलं.

"जमलं, काका. पास झाले."

खोतांच्या तोंडभर हसू पसरलं. "मला वाटलंच हुतं. हात बरा हाय तुमचा."

ते ऐकलं आणि मृण्मयीला रडूच फुटलं. खोतांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडा रडा. पास झाल्यावर समदीच रडत्यात."

भिंतीवरचा बाण थरथरला आणि पुन्हा तिच्याकडे वळू लागला. एकोणनव्वद, नव्वद. बैठक संपायला अजून चार मिनिटं होती.

तेवढ्यात पडदा काळा झाला. मृण्मयीने काचेपलीकडे निरीक्षण कक्षात बघितलं. इरफान तोंड उघडं टाकून उभा होता, आणि मापक बंद करायच्या बटणावर बोट डॉ. हर्डीकरांचं होतं.