फक्कीचं घर

"अहो, तुमच्या गाईने माझ्या झोपायच्या खोलीत शेण टाकलंय."

आर्किटेक्टबाई कमरेवर हात ठेवून मोकळ्या रानात उभी होती. खोली कसली, नुसत्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा. व्यसन सोडायला आलेल्यांसाठी या शेतावर घरं बांधायची होती. तिची रीत अशी, की नकाशा आधी जमिनीवर खऱ्या मापाने आखायचा, त्यात चालून बघायचं आणि मगच पाया खणायचा.

गाईवाला गालातल्या गालात हसला. "दार कुठंय ते सांगा. तिला दारातूनच बाहेर नेतो."

तिथून सगळं सुरू झालं. धारा काढून झाल्या की तो येई, त्या नसलेल्या दाराशी थांबे आणि हवेतच टकटक करी. "कोण आहे?" ती साळसूदपणे विचारी. मग आतूनच दाखवी... हे स्वयंपाकघर, हा बाक, सकाळचं ऊन पार उंबऱ्यापर्यंत येईल. तो डोळे मिटून त्या उन्हात उभा राही. ती ऊन सोडून त्याच्या पापण्याच बघत बसे.

"आत या ना," एकदा ती म्हणाली. "चहा टाकते."

तो रेघेबाहेरच थांबला. "मी इथे नोकरीला नाही. दारू सोडायला आलोय. आणि इथला नियम आहे, पहिलं वर्ष कुणाच्या प्रेमात पडायचं नाही. तो मोडला तर माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो."

"प्रेमाचं नाव कुणी काढलं? मी चहा म्हणाले."

"तेच तर..." तो हळूच म्हणाला. "तुमच्या चहाची मला सवय लागेल."

तिला हसू आलं आणि रडूही. तो हवा होता तिला, अगदी हवा होता. पण घाई तिची आणि पडणार तो, हे तिला चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने रेघा पुसल्या आणि सकाळचं ऊन उंबऱ्यापर्यंत येईलच असं बघून घराचं तोंड रस्त्याकडून गोठ्याकडे वळवलं. ठेकेदाराने कारण विचारलं, तर वाऱ्याचं नाव सांगितलं. वाऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता.

मग ती कामापुरती येई, विटा आणि गिलाव्याबद्दल बोले. एका फेरीला तो गोठ्यात दिसला नाही, तशी तिला वाटलं, तो पुन्हा बाटलीकडे वळला. तो चारा कापायला गेला होता एवढंच. तरी ती विटांच्या ढिगाआड जाऊन रडली.

घर पुरं झालं त्या सकाळी ती एकटीच आत होती. नव्या चुलीवर चहा उकळत होता... आणि दारावर टकटक झाली, या वेळी लाकडावर.

"कोण आहे?"

"गाय नाही. वर्ष झालं... मला तुम्ही आवडता. पूर्ण शुद्धीत सांगतोय. असं काही शुद्धीत सांगायची माझी पहिलीच वेळ आहे, चुकलं तर सांभाळून घ्या."

तिने दार उघडलं. ऊन तिने सांगितलं होतं तिथवरच आलं होतं, त्याच्या पायांपर्यंत.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "केव्हापासूनच."

त्याने पाय पुसले आणि तो उंबरा ओलांडून आत आला.