मामांची आगाऊ रोजनिशी

सांगते ते जसंच्या तसं घडलंय. मीठमसाला लावायची सवय आमच्या घरात फक्त मामांना होती, आणि त्या सवयीनेच हा सगळा घोळ झाला.

वार मंगळवार. संध्याकाळचे सहा. मामा-मामींचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. घरात दोनच माणसं, दाराला आतून कडी. भूत यायची ही वेळ नाही, हे मलाही कळतं.

पण आलं.

मामा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर नकाशे काढले, त्यातले निम्मे शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून काढून घेतले. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, ऐतिहासिक कादंबरी लिहिणार! जुन्या राज्याच्या वेशीवरचा एक पहारेकरी, त्याची गोष्ट. एक प्रकाशकही गळाला लागला. तो म्हणाला, "हल्ली लोकांना कादंबरीपेक्षा ती कशी लिहिली हेच वाचायला आवडतं. रोजची नोंद ठेवा. पुस्तकाच्या मागे छापू."

मामी दवाखान्यात नर्स. एकदा ड्यूटीवरून घरी आली, तर मामांच्या टेबलावर तीन पेनं, एक पेन्सिल आणि चहाचा कप. कप वहीवर टेकवून गोल डाग पाडणं चाललेलं.

"अहो, हे काय?"

"रोजनिशी. तीन महिन्यांची. आजच उरकून टाकली."

"पुढच्या महिन्याच्या तारखा आजच?"

"अगं, मधूनमधून शाई बदलली की कोणाला कळतंय!"

"आणि कादंबरी?"

"ती काय, होईल. प्रक्रिया तर पूर्ण झाली!"

मामीने कपाळावर हात मारला. पण चार नोंदी वाचल्या आणि पोट धरून हसली. 'चष्म्यावर बसलो. एका काचेने दुसरं प्रकरण लिहिलं.' 'कोणाचं तरी मांजर येऊन हस्तलिखितावर झोपलं. उठवलं नाही.' 'पहारेकरी रुसलाय. दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.'

बाराव्या दिवशी, नोंदीतल्या तारखेलाच, मामा चष्म्यावर बसले.

"वही खरी करायला मुद्दाम बसलात ना?"

"नवी फ्रेम होती गं!" मामा रडकुंडीला आले.

एकोणिसाव्या दिवशी खिडक्या बंद, दार बंद... आणि टेबलावर मांजर.

मामीला मामांचा संशय. मामांना मामीचा. दोघं समोरासमोर बसून चोरासारखे जेवायचे.

सव्विसाव्या दिवसाची नोंद होती, 'आज सदतीस पानं झाली.' मामीने स्वतः खण ओढला...

आत पानं होती.

मोजली. सदतीस. अक्षर मामांचं.

"कधी लिहिलीत?"

"मी? मी तर झोपलो होतो!"

मामीने पानं वाचली. पहाऱ्यावर पाय बधिर झाले की तो पहारेकरी कोणत्या पायावर भार देतो, इथपर्यंत सगळं होतं. आणि लिहिलेलं चांगलं होतं. मामी घाबरली ती त्यामुळेच. वाईट असतं, तर मामांनीच लिहिलं म्हणून ती गप्प बसली असती.

खरं तर मामांनी घाबरायला हवं होतं. मामा खूश! "आयतं मिळतंय, तर नाही कशाला म्हणायचं?" पानं प्रकाशकाकडे गेली. प्रकाशकाचे पाय जमिनीला लागेनात.

मग एका सकाळी मामा दात घासता घासता थांबले. ब्रश तोंडातच.

"अगं... ती अठ्ठावन्नावी नोंद."

"काय आहे त्यात?"

मामीने वही उघडली.

'आज घरातलं एक माणूस वारलं. तरीही संध्याकाळी लिहायला बसलो.'

"वाचकांच्या डोळ्यांत पाणी यायला एखादी नोंद हवी ना, म्हणून..."

"कोण वारलं?"

"ते ठरवलं नव्हतं. छापायच्या आधी बघू म्हटलं."

"घरात आहे कोण? तुम्ही आणि मी. आणि संध्याकाळी लिहायला बसलात तुम्ही."

उत्तर सोपं होतं. मामांनी वही ओढून घेतली.

पान फाडलं. बेसिनमध्ये जाळलं. राख धुतली.

दुसऱ्या दिवशी वहीत ते पान होतं... चहाच्या डागासकट.

मामी मात्र रोज मरणाशी दोन हात करणारी बाई. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही लिहायला बसायचंच नाही. अर्धी नोंद खोटी पडली की उरलेली अर्धीही पडेल."

अठ्ठावन्नावा दिवस, तोच तो मंगळवार.

मामीने रजा टाकली. दोघं पत्ते खेळत बाहेरच्या खोलीत बसली. मामा तिला गॅस पेटवू देईनात, स्टुलावर चढू देईनात. तिला उचकी लागली तरी हे उभे! डावावर डाव हरत होते.

सहा वाजले.

मागच्या खोलीतून...

खर्र... खर्र...

कागदावर पेन चालल्याचा आवाज.

मामांनी हातातले पत्ते खाली ठेवले. "मी इथेच आहे ना गं?"

"आहात." मामीने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "थांबा, मी बघून येते."

"तू नको! जायचं तर मी जातो."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मामा कशासाठी तरी आपणहून उठले.

आत गेले. आवाज थांबला.

मामीने मनातल्या मनात दहा आकडे मोजले...

खर्र... खर्र...

"अहो?"

"आलो. एवढं पान होऊ दे."

आवाज मामांचाच. जेवायच्या वेळेला बाहेरही आले.

"कोण होतं आत?"

"कोणी नव्हतं."

मामीने गुपचूप नाडी पाहिली. बहात्तर. अंगात ताप नाही. ती स्वतः ठणठणीत. संकट टळलं, असं सगळ्यांना वाटलं. कादंबरी वेळेत पूर्ण झाली, छापूनही आली. लोक वाखाणतात.

पण गेल्या महिन्यात मामीने मला जिन्यात गाठलं.

"रोज सकाळी उठून चार तास लिहितात. कंटाळा नाही, सबब नाही. चहासुद्धा मागत नाहीत. तुझे मामा असे होते का गं?"

"चांगलंच आहे की, मामी!"

"चांगलं कसलं?" तिने वर दाराकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला. "अगं, नोंद खोटी पडलीच नाही. त्या संध्याकाळी लिहायला कोणीतरी बसलं होतं. मी तर ही अशी तुझ्यासमोर उभी आहे. मग वारलं कोण?"

मी हसण्यावारी नेलं. चुकलंच माझं.

काल फोन केला. मामांनी उचलला.

"मामीला द्या ना जरा."

पलीकडून, अगदी बारीक...

खर्र... खर्र...

"आत्ता नको," मामा प्रेमाने म्हणाले. "ती लिहायला बसलीये."

मामीने आयुष्यात पेशंटच्या तापाच्या तक्त्याशिवाय काहीही लिहिलेलं नाही.