मागची गाठ

सुईवालीच्या हातात ब्रश येऊन बरेच दिवस झाले, तरी गल्लीत तिचं नाव सुईवालीच राहिलं. एकदा चिकटलेलं नाव सुटतंय कुठे! जन्मभर तिनं भरतकाम केलं. मग नजर मंदावली, सुईत दोरा जाईना आणि रिकामा दिवस तिला खायला उठू लागला. तेव्हा नातीच्या रंगाच्या डब्या ओढून ती कापडावर चित्रं रंगवायला बसली. कापड तेच, मांडी तीच, झाडं नि माणसंही तीच. बघता बघता चित्रांना मागणी आली. लेक म्हणायची, "आई, म्हातारपणी तुला भलतीच पालवी फुटली ग."

फक्त एक गोष्ट मागे राहिली. पहिला टाका शिकवतानाच तिच्या आईनं बजावलं होतं, "मागे गाठ मारल्याशिवाय दोरा तोडायचा नाही. गाठ नसेल ते जागेवर राहत नाही." आता रंगाला कसली आलीय गाठ? सुईवालीनं ते कधी मनावर घेतलं नाही.

त्या दुपारी ती साधंच काम घेऊन बसली होती. दवाखान्याच्या भिंतीसाठी सांगितलेलं चित्र दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते आणि एका कोपऱ्यात हिरवा रंग जरा कमी वाटत होता. चित्रात एक घर होतं, घराची पायरी, पायरीपासून निघालेला रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे दाट झाडी. पायरीवर तिनं लाल फ्रॉकमधली आपली नात बसवली होती आणि शेजारी घरातला बोका. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं त्या पोरीला ठाऊकच नव्हतं.

बोका मात्र त्याआधीच हलला होता. एका सकाळी तो पायरीऐवजी रस्त्यावर दिसला. सुईवालीनं डोळे चोळले, नजरेला दोष दिला. मग तो झाडीपाशी दिसला. मग दिसेनासा झाला आणि त्याच दिवसापासून घरातला बोकाही परतला नाही. "गेला असेल मेला उंडारायला," असं ती सगळ्यांना सांगत होती. पण जिवाला चैन नव्हतं. दिवसातून कितीदा तरी ती चित्र उघडायची, पायरीवर लाल फ्रॉक आहे ना बघायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची.

आज तिनं कापड मांडीवर पसरलं आणि तिचा हात थांबला. पायरी रिकामी होती. लाल फ्रॉक झाडीला जवळजवळ टेकला होता.

घरात सामसूम होती. लेक कामावर होती. भिंगरी अंग कसकसतंय म्हणून शाळेतून लवकर येऊन आतल्या खोलीत झोपली होती. तिथून आवाज येत होता... खस... खस... पाय चादरीवर घासल्याचा. सुईवाली कापड घेऊन आत गेली. पोरीचे डोळे मिटलेले होते आणि पाय चालत होते, एकामागून एक, न थांबता. खोलीत ओल्या पानांचा वास भरला होता. बाहेर तर कडकडीत ऊन होतं.

तिनं सुयांचा डबा काढला. लाल दोरा तोंडात ओला केला, पुन्हा केला, पण सुईचं भोक काही सापडेना.

"भिंगरे... ए भिंगरे... एवढा दोरा ओवून दे ग आजीला."

पोरीनं डोळे न उघडता सुई घेतली आणि एका झटक्यात ओवली. तिची बोटं गार होती, ओली होती.

"आजी, लवकर... मला पुढे जायचंय."

"कुठे बाळा? कोण बोलावतंय?"

"बोका."

सुईवाली तिथेच पलंगाच्या कडेला बसली आणि मांडीवरच्या कापडात सुई खुपसली. लाल फ्रॉकभोवती टाके घातले, वेडेवाकडे, दिसेल तसे. शेवटी सुई खाली नेली, चाचपडत मागे गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. पाय थांबले. पोरगी कुशीवर वळली आणि शांत झोपली. म्हातारी मग हमसून हमसून रडली.

"दार सताड उघडं टाकून काय बसलीस, आई?" लेक कामावरून आली होती. सुईवाली उठायला गेली तर चित्रही तिच्याबरोबर उठलं. चित्रासकट तिनं स्वतःचा गाऊनच शिवून टाकला होता.

लेकीला हसू आवरेना. "अग, सुई नव्यानं धरणाऱ्या पोरी करतात ही चूक. थांब, सोडवते."

"नको... कात्री नको लावूस..."

पण कचकन आवाज झाला. चित्र सुटून खाली पडलं. सुईवालीनं आधी पलंगाकडे पाहिलं. भिंगरी उठून बसली होती आणि खायला मागत होती. ताप उतरला होता.

गाऊन बदलताना तिच्या लक्षात आलं. टाके चित्रात होते, पण गाठ गाऊनच्या आतल्या बाजूला राहिली होती. तिनं तो गाऊन पुन्हा अंगात चढवला. विटक्या निळ्या फुलांचा, रंगानं माखलेला. धुवायला टाक म्हणून लेक ओरडून थकली, पण म्हातारी बधली नाही. दवाखान्याला कळवलं, चित्र व्हायचंय अजून.

लाल फ्रॉक हलला नाही. भिंगरी खेळायला लागली, घर डोक्यावर घ्यायला लागली. सुईवालीनं चित्र ट्रंकेत ठेवून दिलं आणि रोज गाऊनवरची गाठ तेवढी चाचपून बघू लागली. हळूहळू तिला वाटलं, निभावलं बुवा.

मग एका सकाळी चहा ओतता ओतता लेक म्हणाली, "आई, झोपेत तुझे पाय किती चालतात ग हल्ली. चादरीची पार वळकटी केलीस."

सुईवालीनं कप खाली ठेवला. ट्रंकेतून चित्र काढून खिडकीच्या उजेडात धरलं. रस्त्यावर आता कुणीच नव्हतं. नुसती टाक्यांची भोकं होती. झाडीच्या आत, पानांमधून, पाठमोरी कुणीतरी बाई चालली होती. अंगात विटक्या निळ्या फुलांचा गाऊन. हा निळा तिनं कधी कालवला नव्हता. बाईच्या मागे, तिनं हाताला धरलेला, लाल फ्रॉक फरफटत होता.

दारात भिंगरी उभी होती, झोपेतून उठून आलेली, मनगट चोळत.

"आजी, एवढ्या भराभर नको ना चालूस," ती म्हणाली. "माझा हात दुखतो."