कोपऱ्यातल्या खोलीचा नळ

हर्नियाच्या ऑपरेशननंतर लघवी अडली, की शेवटी नळी घालावी लागते. ती वेळ येऊ नये म्हणून वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर जिवाचं रान करत. ऑपरेशनआधी लघवीला पाठवायचं, सलाईन बेताचं, आणि भूल उतरली की हाताला धरून चालवायचं. "तुमच्या हाताला गुण आहे," असं सर्जन त्यांना म्हणत. आता तेच ते नवीला म्हणू लागले होते.

नवी म्हणजे कालपरवा आलेली पोरगी. तिच्याकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकालाही नळी लागली नव्हती.

"काय करतेस गं असं?" मोठ्या सिस्टरांनी हसत विचारलं. पोटात मात्र दुखत होतं.

"काही नाही हो. चालवते, उभं करते, नळ सोडते. पाण्याचा आवाज ऐकला की होते त्यांना."

मोठ्या सिस्टरांनी कोपऱ्यातल्या खोलीकडे पाहिलं. तिथल्या नळाचा पाइप गळायचा, म्हणून प्लंबरने तो कधीच कापून टाकला होता.

त्या दुपारी एका शिंपीकाकांची पाळी होती. नवीने दार लोटलं, तसा मोठ्या सिस्टरांनी बाहेरून कान लावला. आत पाणी पडत होतं, अगदी धो धो. मग काका "हुश्श" म्हणाले.

खोली रिकामी झाल्यावर त्या आत शिरल्या. बेसिन कोरडं ठणठणीत. तळाशी धूळ, धुळीत मेलेली माशी. भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. आपण इतकी वर्षं राबलो, आणि हे मिळालं कुणाला, तर हिला! त्यांनी तोटी पिरगाळून काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीतल्या पेशंटला नळी घालावी लागली. नवी रडली. मोठ्या सिस्टरांना मनापासून बरं वाटलं.

संध्याकाळी त्या स्वतः बाथरूममध्ये गेल्या. सकाळपासून जाणं झालं नव्हतं. ओटीपोट तटतटलं होतं, पण थेंब येईना.

त्यांनी हात लांबवून नळ सोडला.

पाणी पडताना दिसत होतं. आवाज नव्हता.

नळ आणखी सोडला. तरी नाही.

तोटी परत द्यावी, असं मनात आलं. पण नुसत्या विचारानेच मूठ आवळली गेली. शेवटी कळ सोसेना, तेव्हा त्यांनी हाक मारली आणि कडी काढली.

नवीच आली. तिने आधी नळ बंद केला.

"बाई गं, केवढा हा आवाज!" ती म्हणाली, आणि नळीचं पाकीट फोडू लागली.