डावीकडे खाली, दोन सेंटिमीटर

कलेला देशांच्या सीमा नसतात. तिला नांदे गावापर्यंत रस्ता मात्र लागतो, आणि २००८च्या ऑगस्टमध्ये तो खणून ठेवलेला होता.

त्यामुळे क्षितिजा चपला हातात घेऊन, गुडघाभर चिखलातून एका गोठ्यापाशी पोचली. खरं तर ती कामाला होती त्या गॅलरीतला दुसराच माणूस यायचा होता. त्याला कावीळ झाली. दारात एकजण पत्र्याची गळती बादलीत झेलत उभा होता. आत अर्ध्या गोठ्यात म्हैस, अर्ध्यात रंगांचे डबे.

"चित्रकार निषाद इथेच राहतात?"

"राहतात असं नाही म्हणता यायचं... भाड्याने आहेत," तो म्हणाला. "मीच."

तिने पाय धुतले, बॅटरी काढली, भिंग काढलं आणि कामाला लागली. निषादचं सहा फुटी चित्र सिंगापूरच्या कलामेळ्याला निघालं होतं. चित्र समोरच्या टेकडीचं. टेकडी मधल्या काळात जेसीबीने नेली. अशी चित्रं पेटीत जाण्याआधी त्यांच्या अंगावरच्या प्रत्येक ओरखड्याची लेखी नोंद होते, म्हणजे पुढे कुणी कुणावर ढकलू नये. पेटी बंद होतानाही नोंद करणारा हजर लागतो. नवा ओरखडा सापडला तर नोंद पहिल्यापासून, विमावाल्यांची सही पहिल्यापासून, आणि टेम्पो आठवडाभराने.

"कसं वाटलं चित्र?" त्याने विचारलं.

"चित्र मी बघत नाही. डाग बघते." तिच्या केसांतून पाणी निथळत होतं, त्यातला एकही थेंब तिने चित्रावर पडू दिला नाही. "सहा वर्षं झाली."

"मग माझ्यावरही लिहा एखादा अहवाल."

"पानं कमी पडतील."

तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला, त्यामुळे जरा वाकडंच आलं.

पुढच्या गुरुवारी पेटी आली. घरमालक गेणबांनी ती बोटांनी ठोकून पाहिली. "मॅडम, काम झालं की ही मला द्या. लाकूड लई भारी हाय." आणि त्याच दिवशी चित्रावर, डावीकडे खाली, नवा ओरखडा निघाला.

"उंदीर," निषाद म्हणाला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तो ओरखडा वाढलेला होता. टेम्पो रिकामा गेला. क्षितिजा मागे थांबली, उकडलेल्या शेंगा सोलत बसली. तो चहात साखर घेत नाही हे तिला कळलं. ती बोलताना दुसरीकडेच बघते हे त्याला.

"भाताच्या कणगीला तोंड लावत न्हाईत," गेणबा म्हणाले, "आन् चित्रच कसं काय खात्यात ओ हे उंदीर?"

तिसऱ्या गुरुवारी तिने मोजलं. दोन सेंटिमीटर. मग काही न बोलता निषादचा हात बॅटरीखाली धरला. अंगठ्याच्या नखात टेकडीचा हिरवा रंग होता.

"उंदराला अंगठा आहे."

त्याने हात मागे घेतला.

"परवा पेटी मुंबईला पोचली नाही, तर मेळ्यातली तुमची जागा जाईल. आणि माझीही. गॅलरी तिथे शाखा काढतेय... या पेटीबरोबर मी जाणार. तिथेच राहायला."

"माहीत आहे. शेंगा सोलताना बोललात."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम—"

"मला बोलता येत नाही नीट," तो म्हणाला. "ओरखडे काढता येतात."

तिने बॅटरी विझवली. मग चित्राकडे बघत एकेक पाऊल मागे गेली, आणि पाठीला म्हैस लागली तेव्हाच थांबली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती एखादं चित्र बघत होती.

"छान आहे," ती हळूच म्हणाली.

निषादने पाना-स्क्रूड्रायव्हर काढला आणि पेटी स्वतः बंद केली. चोवीस स्क्रू. एकही सैल ठेवला नाही. तिने फॉर्मवर लिहिलं: डावीकडे खाली, दोन सेंटिमीटर, मूळचाच. सहा वर्षांतलं हे तिचं पहिलं खोटं.

टेम्पो गेला. ती गेली.

सप्टेंबरात अमेरिकेत कुठलीशी बँक बुडाली. ऑक्टोबरात मेळ्याला संग्राहक आले, वाइन प्यायले आणि चित्रांऐवजी आपापल्या मोबाइलकडे बघत राहिले. टेकडी कुणी घेतली नाही. शाखा फेब्रुवारीत बंद झाली.

मार्चमध्ये टेम्पो आला. रस्ता तसाच होता, चिखलाची फक्त धूळ झाली होती. क्षितिजाने पेटी उघडली, बॅटरी फिरवली.

"चित्राला काही झालेलं नाही," ती म्हणाली आणि कोरा फॉर्म त्याच्यापुढे धरला. "आता माझ्यावर लिहा. पुरतील पानं."

त्याने बॅटरी घेतली. बराच वेळ बघितलं. या वेळी ती दुसरीकडे बघत नव्हती.

"परतीच्या प्रवासात दमलेली," लिहिता लिहिता तो मोठ्याने वाचू लागला. "डोळ्यांखाली काळसर. कडा... शाबूत. सूचना: पुन्हा पाठवू नये."

"खाली सही लागते," ती म्हणाली.

त्याने सही केली.

लग्न मे महिन्यात झालं. पेटी गेणबांनी नेली. तिच्यात अकरा कोंबड्या मावतात.